दोन्ही बाजू जाळलेलं कुरण

मंगरू आत्रामच्या हातची आग कधी भरकटली नाही. आलापल्लीच्या जंगलात सागाच्या रोपवनाभोवती दरवर्षी माघात गवत जाळून मोकळा पट्टा काढत, म्हणजे उन्हाळ्यातला वणवा सागापर्यंत पोचू नये. हे काम रोजंदारीवरच्या मंगरूकडे होतं. वारा जोखून तो काडी लावी आणि हवी तिथे हिरव्या डहाळीने झोडपून आग विझवी.

रोपवनाला लागून मोठं कुरण होतं, मधून नाला गेलेलं. ते जाळायची रीत सासरा बुधूने शिकवली होती: यंदा नाल्याच्या अलीकडचं, पुढच्या साली पलीकडचं. बुधूला घर शाकारायला गवत हवं असे. मंगरूला वेगळंच काही दिसलं होतं. न जाळता राखलेल्या बाजूला गवताच्या काड्यांवर फुलपाखरांचे कोष लटकलेले असत. पाऊस लागला की पंखांवर डोळे असलेली तपकिरी फुलपाखरं तिथूनच निघत, जळल्या बाजूच्या नव्या गवतावर पसरत आणि आश्विनापर्यंत कुरण भरून जाई. तो तिथे तासन्‌तास बसे. बायको कलाबाई जंगलखात्याच्या वनरक्षकाला मारावी तशी हाक मारी, "पाखरायचे नाकेदार, जेवाले या आता!"

१९५६च्या उन्हाळ्यात राखलेल्या बाजूने वणवा आला आणि चार एकर कोवळा साग गेला. पुढच्या माघात रेंजरसाहेब स्वतः कुरणात येऊन उभे राहिले.

"या वेळी दोन्ही बाजू जाळायच्या. तुझं काही म्हणणं?"

मंगरूचं म्हणणं होतं. पण त्याची नोकरी कायम करायचा कागद त्याच आठवड्यात पुढे जायचा होता.

"नाई साहेब," तो म्हणाला.

काम त्याने नेहमीसारखं चोख केलं. दगडांच्या सांदीत हिरवट राहिलेले चार-दोन झुबके दुसऱ्या कोणी सोडून दिले असते. मंगरू दुसऱ्या दिवशी परत गेला, वर वाळल्या पानांचा भारा टाकला आणि तेही जाळून आला. तेवढं त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

कागद मंजूर झाला. पावसाळ्यात गवत कमरेएवढं आलं. आश्विनात मंगरू जाऊन बसला, तर नुसते नाकतोडे. एखाददुसरं पिवळं पाखरू वरून गेलं, थांबलं नाही.

पुढच्या माघात त्याने पलीकडची बाजू राखली आणि गवत ओलं असल्याचं सांगितलं. साहेबांनी नुसती मान डोलावली. इतकं सोपं होतं ते, हे त्याला तेव्हा कळलं.

त्या आश्विनात तीन दिवस तो एखादा कोष सापडतो का म्हणून एकेक काडी वाकवून पाहत होता. तिसऱ्या दिवशी कलाबाई त्याला शोधत आली.

"भेटलं काई?"

"गवत चांगलं झालं."

"मी गवताचं नाई इचारून राह्यली."

"मालूम आहे मले."

कलाबाईने पदर खोचला आणि शेजारी वाकून तीही काड्या पाहू लागली. थोड्या वेळाने म्हणाली, "पण केवढा राह्यते तो?"

इतक्या वर्षांत तिने हे कधी विचारलं नव्हतं. दाखवायला एकही नव्हता, म्हणून मंगरूने करंगळीचं टोक पुढे केलं.