शिकवून नेलेली उत्तरं

माझं शिक्षण चौथीपर्यंत. आयुष्यात मला जावा होत्या, नणंदा होत्या, शेजारणी होत्या. मैत्रीण मिळाली ती माझ्या सत्तरीत. कामशेतला भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या, भातगिरणीवर कामाला जाणाऱ्या माणसाची ही बहीण. वय चाळिशीचं, समज सहा-सात वर्षांच्या पोरीची. लोक तिला बिनडोक म्हणत. मीही म्हणे.

श्रावणात धुकं उतरलं की रूळ दिसत नाहीत, गाडी नुसती ऐकू येते. अशा वेळी ती माझ्या ओट्यावर येऊन बसे. बोलणं काही नाही. सकाळ आहे की दुपार, तेही कळत नसे. मला ते बसणं आवडायला लागलं.

तिच्या भावजयीला अपंगाचा दाखला हवा होता. त्यावर सरकारी मदत सुरू होणार होती.

"मावशी, तुमचं ऐकती ती. डॉक्टरपुढं नीट वागायला सांगा."

साहेबापुढं जायचं म्हणजे आमच्याकडे पोराला न्हाऊमाखू घालून, पढवून नेतात. मीही महिनाभर तिला वार शिकवले, पत्ता शिकवला. गाडी वाजली की आम्ही दोघी स्टेशनं म्हणायचो: लोणावळा, मळवली, कामशेत, कान्हे, वडगाव. न दिसणाऱ्या गाडीबरोबर तिचा आवाज धुक्यात लांबवर जात राही, आणि मलाच कुठंतरी निघाल्यासारखं वाटे.

दवाखान्यात तिनं सगळं घडाघडा सांगितलं.

"आजी, यांना छान येतंय की," तरुण डॉक्टरीण म्हणाली. मला कोण आनंद! अपंगत्वाचे टक्के कमी भरले. दाखला मिळाला नाही.

भावजय भडकली. "न्हाई येत ते दाखवायला गेलतो, मावशी! तुमी येतंय ते दाखवलंत. आता फेरतपासणीला तिला गप बसायला शिकवा."

मी ओट्यावर तिला म्हटलं, "या खेपेला स्टेशनं सांगू नको. न्हाई येत म्हन."

"येतंय मला."

"येतंय गं. पन न्हाई म्हनायचं."

"तूच म्हन. तू म्हातारी हायस."

उठून गेली. आठ दिवस फिरकली नाही. धुकं रोज येत होतं, पण त्यात नुसती थंडी होती.

शेवटी मी भावजयीला सांगितलं, "तिला येतंय ते ती सांगंल. येत न्हाई ते मी सांगते." स्टेशनं म्हणायला मिळणार एवढं कळल्यावर ती पुन्हा येऊन बसली. मी काय सांगणार आहे, ते तिला सांगितलं नाही.

फेरतपासणीत तिनं स्टेशनं म्हटली. मग तिला बाहेर बसवून मी बोलले. गॅस पेटवता येत नाही. रूळ एकटी ओलांडू शकत नाही. कुणी 'चल' म्हटलं की त्याच्यामागं जाते. पाळीचं भावजयीला बघावं लागतं. एकेक सांगताना तिची चहाडी केल्यासारखं वाटलं. डॉक्टरीण लिहीत गेली. या वेळी दाखला होणार होता.

बाहेर आल्यावर तिनं विचारलं, "तुला काय इचारलं?"

"तुझंच."

"बरोबर सांगितलंस?"

"व्हय."

ती खूश झाली. माझा हात धरून पायऱ्या उतरली. मी खाली बघत चालले.