गुळाच्या बाटलीतलं बोट

मला लिहायला लावलंय. मी काही हौसेने बसलेलो नाही. चौथीत शाळा सोडली ती पुन्हा हातात पेन धरायला लागू नये म्हणूनच. पण पुतण्याची बायको रसिका मागेच लागली. "काका, आपल्या शेडमधले किस्से लिहून द्या, बटरच्या खोक्यात घालू. गिऱ्हाईकांना आवडतात." गिऱ्हाईकाला बटर खायचंय की माझी कटकट वाचायचीय? तरी म्हटलं लिहितो. कारण माझ्यावर बटर चोरून चाटल्याचा आळ आला हे सगळ्या वाडीला ठाऊक आहे. तो गेला कसा, हे कोणी कोणाला सांगितलेलं नाही.

किस्से शेडमागच्या सोडणांसारखे असतात. नारळ सोलला की सोडण मागे फेकायचं. रोज थोडं थोडं, आपलं लक्षही नसतं. मग एक दिवस बघावं तर कुंपण दिसेनासं झालेलं!

आमची शेड हातखंब्याच्या अलीकडे, घराच्या मागच्या अंगाला. तिथे नारळाचं बटर होतं, काजूचं होतं आणि गूळ-वेलची घातलेलं काजूचं होतं. मी नारळ सोलतो आणि कोठीची किल्ली सांभाळतो. शेवंता मशीन चालवते. पुतण्या संजय टेम्पोतून माल पोचवतो. त्याची आई, म्हणजे माझी थोरली वहिनी मालतीवैनी, काही करत नाहीत. सगळ्यांवर नजर ठेवतात. डॉक्टरने गोड बंद केल्यापासून ती नजर जास्तच तिखट झालीय.

*

मला पहिल्या दिवसापासून संशय होता. बटर म्हणजे लोणी. लोण्याला म्हैस लागते. रसिका म्हणे, नारळाचा कीस सुकवायचा आणि नुसता दळत राहायचा. पाण्याचा थेंब नाही, तेलाचा थेंब नाही, आपोआप पातळ होतं. या जगात आपोआप फक्त वीज जाते!

उभा राहून बघितलं. आधी भुगा झाला, मग लगदा झाला, आणि मग खरंच दुधासारखी धार लागली. म्हटलं, हे तेल कुठूनतरी सोडतात. बॅटरी घेतली आणि नळी शोधायला मशीनखाली आडवा झालो.

शेवंता वरून वाकली. "काकानू, आचळं शोधताय काय?"

*

थंडीत पुण्याच्या एका माणसाचा फोन आला. रसिका बाजारात गेली होती, म्हणून मी उचलला.

"तुमचं नारळाचं बटर दगड झालंय हो. चमचा वाकला!"

आता नारळाची वस्तू दगड झाली तर माणूस काय करतो? मी म्हटलं, "मग फोडा!"

"कशाने?"

मला वाटलं, समजूतदार आहे, विचारून करतोय. म्हटलं, "वरवंटा असेल तर उत्तम."

थोड्या वेळाने पुन्हा फोन. "आता काचा कोण वेचणार?"

संध्याकाळी रसिकाने सांगितलं की बाटली घट्ट झाकण लावून कोमट पाण्यात उभी करायची असते. हे आधी सांगायला काय झालं होतं? आणि तो माणूस तरी! सांगितलं म्हणून फोडायची? मला तर वाटतं बाटली त्याच्या हातून आधीच पडली होती.

*

चमच्याचंही तसंच. रसिकाने भिंतीवर लिहून ठेवलंय, चमचा कोरडा हवा, ओला घातला की बुरशी येते. मी चमचा खांद्यावरच्या टॉवेलाने चांगला घासून पुसला आणि बाटलीत घातला. ती ओरडली, बाटली कचऱ्यात टाकली आणि तोंड फुगवून बसली.

तिने कोरडा मागितला होता. स्वच्छ म्हणाली नव्हती!

*

काजूचं बटर ठेवून दिलं की तेल वर येतं. ढवळलं की पुन्हा जिरतं. मालतीवैनींनी मात्र ते बघितलं आणि फर्मान काढलं, "शेवंता भेसळ करते! मी सकाळी बघितलं तेव्हा नव्हतं."

शेवंता म्हणाली, "वैनीनू, सकाळी तुमचा चष्मा पण नव्हता."

वैनींनी ऐकलं नाही. ओळीने सगळ्या बाटल्यांतलं तेल वाटीत काढून घेतलं आणि देवापुढच्या दिव्यात घातलं. खाली उरलं ते सिमेंट. रसिका रडायची बाकी. वैनी म्हणाल्या, "देवाला दिलंय, चोराला नाही दिलं."

दुसऱ्या दिवशी दिवा आडवा आणि वात गायब. उंदरालाही काजू कळतो!

*

ओल्या खोबऱ्याचा कीस लगेच सुकवला नाही तर फ्रीजमध्ये ठेवावा लागतो, नाहीतर आंबतो. फ्रीज रसिकाचा, पण संजयला वाटतं घरातली प्रत्येक थंड जागा त्याच्या माशांची. एकदा कीस आणि बांगडे शेजारी शेजारी राहिले. त्या किसाचं बटर झालं आणि वास कळायच्या आत संजय ते पोचवूनही आला.

मी म्हटलं, आता पोलीस येणार. चार दिवस फाटकाशी गाडी थांबली की मी माडाच्या आड.

मग मुंबईच्या एका बाईंचा फोन. "काय ती कोकणची चव! पुन्हा पाठवा, पण अगदी तस्संच हं!"

*

आता आळाचं.

बाटल्या संध्याकाळी गळ्यापर्यंत भरायच्या आणि सकाळी लेबलं लावायची. सकाळी बघावं तर प्रत्येक बाटली बोटभर उतरलेली. कोठीला कुलूप आणि किल्ली माझ्याकडे, माझ्या खिळ्यावर. सगळे माझ्या मिशांकडे बघायला लागले. शेवंता तर म्हणाली, "काकानू, जरा आ करा."

मला संशय शेवंताचा. शेवंताला संजयचा. संजयला मांजराचा.

शेवटी रसिकाने एक बाटली भरून स्वतःच्या उशाशी ठेवली. तीही उतरली. मग कळलं की दळताना गरम बटरात हवा भरते, आणि गार होताना ती निघून गेली की बटर खाली बसतं. मी सुटलो! त्या दिवशी दोन कप चहा घेतला.

संध्याकाळी शेवंताने गूळवाली एक बाटली उघडली. आत बोट फिरल्याचा खोलगट चर. या काठापासून त्या काठापर्यंत!

मालतीवैनी म्हणाल्या, "हवेला बोट असतं काय हो, भावजी?" आणि हात पुढे केला. "किल्ली."

ही किल्ली मला माझ्या भावाने दिली होती. वैनींच्याच नवऱ्याने. कोठीत तेव्हा भात असायचं. तो गेला तरी ती माझ्याकडेच होती, आणि या घरात मी नुसता बसून खाणारा नाही याचा तेवढाच एक पुरावा होता. चारचौघांत काढून घेतली. रसिका खाली बघत राहिली. संजय म्हणाला, "काका, राहू दे ना थोडे दिवस." मी किल्ली दिली आणि रात्री जेवलो नाही. कोणी विचारलंही नाही.

किल्ली वैनींच्या कमरेला गेली. आता बाटल्या सुधारायला हव्या होत्या. नाही सुधारल्या! गूळवाल्यांत चर पडतच राहिले. काजूच्या साध्या बाटलीला कोणी शिवत नव्हतं, नारळाच्या तर नाहीच.

वैनी म्हणाल्या, "भावजींनी दुसरी किल्ली करून घेतली असणार."

तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. म्हटलं, "बस. आता आपल्या जागेच्या राखणदारापुढे नारळ ठेवायचा. गाऱ्हाणं घालायचं. सगळ्यांनी यायचं!"

रसिका म्हणाली, "काका, बटरसाठी देवाला कशाला?" मी म्हटलं, "बटरसाठी नाही गो. माझ्यासाठी."

*

राखणदाराची जागा आमच्या आगराच्या कडेला, जुन्या फणसाखाली. गुरव आला. मी स्वतः सोललेला नारळ ठेवला, शेंडी नीट राखून. रसिका, संजय आणि शेवंता एका ओळीत, आणि माझ्या शेजारी मालतीवैनी. वैनींचा आवाज म्हणजे, इथून हाक मारली तर हातखंब्याच्या नाक्यावर रिक्षा थांबते.

गुरवाने हात जोडले. "बा राखणदारा, या घराची राखण तू करतोस..."

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले. वैनी सगळ्यांत मोठ्याने.

"आज या लेकरांनी तुझ्यापुढे नारळ ठेवलाय, तो मान्य करून घे..."

"व्हय म्हाराजा!" पुन्हा वैनींचाच आवाज वर.

"आणि या घरात जो कोण चोरून गोड खात असेल, त्याच्या जिभेची चव कायमची जाऊ दे..."

"व्हय म्हाराजा!" मी इतक्या जोरात म्हटलं की कोंबड्या उडाल्या. संजयने म्हटलं. शेवंताने म्हटलं. रसिकानेही म्हटलं.

शेजारून काहीच आलं नाही.

मी बघितलं. वैनींनी पदर तोंडाला लावला होता. मी म्हटलं, "वैनी, म्हणा."

त्यांनी पदर जरासा बाजूला केला. "अहो गुरवानू," हळूच म्हणाल्या, "चव एकदम कायमची कशाला? नुसता खोकला येऊ दे म्हणा की."

गुरव माझ्याकडे बघायला लागला. मी फणसाकडे. शेवंताने तोंडात पदराचा बोळा कोंबला होता.

गुरवाने घसा साफ केला आणि पुन्हा सुरुवात केली. "बा राखणदारा, जो कोण चोरून खात असेल, त्याला नुसता खोकला येऊ दे..."

"व्हय म्हाराजा!" रिक्षा थांबेल असा आवाज.

दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ली माझ्या खिळ्यावर होती. मी चुलीपाशी गेलो आणि पाटावर बसलो. माझ्यापुढे चहा आला, बरोबर काजू पण. "घ्या, भावजी," एवढंच.

चहा प्यायलो. काजू खाल्ले. पण चहा म्हणजे माफी नव्हे. रसिका, हे खोक्यात घालणार असशील तर पुढची ओळ मोठ्या अक्षरांत छाप. माफी अजून यायची आहे, आणि ती मालतीवैनींकडून.