धुवायची निगेटिव्ह

रंगनाथ फोटोवाल्याचा राग अख्ख्या घोडेगावाला ठाऊक. नवरदेव नीट उभा राहिला नाही तर भर मांडवात त्यालाही झापायचा. तीस वर्षांत गावातलं एक तोंड सोडलं नाही त्यानं. बायकोचं, कडूबाईचं मात्र एकदाच टिपलं, तेही गुरांच्या बाजारात, नव्या म्हशीचं दावं धरून हसताना. कडूबाई गेली. फोटो वाळवीनं खाल्ला. उरली एक निगेटिव्ह, तिच्यावरही बुरशी चढलेली. डाग फोटोतही उठणार, असं नगरच्या लॅबवाल्यानं आधीच सांगून टाकलं.

साल नव्याण्णव. मुलगा प्रशांत घरातच कॉम्प्युटर क्लास चालवायचा. तो म्हणाला, "दादा, स्कॅनर आणा. डाग मी पुसतो." वर्षश्राद्ध आठ दिवसांवर आलेलं. रंगनाथनं तडक नगर गाठलं.

"निगेटिव्ह घेतो का हा?"

"काका, सगळं घेतो," म्हणत दुकानदारानं साधा कागदाचा स्कॅनर त्याच्या गळ्यात मारला. घरी लावला, तर पडद्यावर नुसता काळा पट्टा! अहो, निगेटिव्हमधून उजेड आरपार जायला हवा. याचा दिवा खाली आणि झाकण ठार आंधळं. अंधारखोलीत जन्म घालवलेल्या माणसाला हे दुकानातच कळू नये? रंगनाथला रात्रभर स्वतःचाच संताप आला, आणि सकाळी तो सगळा दुकानदाराच्या नावावर जमा झाला.

खोकं काखेत मारून तो निघाला. पारखायला एका लग्नाच्या निगेटिव्हची पट्टी खिशात घातली. कडूबाईची निगेटिव्ह एसटीच्या रेटारेटीत न्यायला जीव धजेना. त्या भामट्यानं नाहीच बदलून दिला, तर डागांसकट लॅबमध्ये फोटो छापायचा, असं त्यानं ठरवलं. फोटोवाले छापण्याला धुणंच म्हणतात.

"डब्यातली निगेटिव्ह काढून ठेव, धुवायची हाय!" तो सुनेवर ओरडला. भारती अकोल्याकडची, घरात येऊन जेमतेम तीन आठवडे झालेले.

"कशी धुवायची, मामा?"

"आता तेबी मीच सांगू व्हय?" खेकसला आणि एसटी धरली.

नगरात त्यानं दुकान डोक्यावर घेतलं. "मी इचारलं तवा नीट सांगाया काय झालं हुतं तुला?" दुकानदारानं निमूट झाकणात दिवा असलेला स्कॅनर काढला. रंगनाथनं पट्टी लावली. लग्नातला नवरदेव लख्ख उमटला. गडी जिंकून घरी आला.

अंगणात दोरीवर, लुगड्याशेजारी, चिमट्याला निगेटिव्ह लटकत होती. काचेसारखी नितळ. म्हैस नाही, कडूबाई नाही.

"मामा, एक डाग ठेवला न्हाई," भारती हौसेनं म्हणाली. "गरम पान्यात सोडा घालून घासली."

"अगं सटवे! इचारायला तोंड न्हवतं तुला?"

तिचे डोळे भरले. पण ती बोललीच.

"इचारलं हुतं, मामा. तवा नीट सांगाया काय झालं हुतं तुमाला?"