शुक्रवारचं पाणी

बिही गवंड्याच्या हातची भिंत ॲटलास डोंगरातल्या त्या खोऱ्यात कुठंही ओळखू यायची. चुना नाही, सिमेंट नाही. दगडावर दगड असा बसवायचा की सुरीचं पातं आत शिरू नये. पण दोन वर्षांमागच्या भूकंपानंतर त्यानं एक काम सोडलं. भिंती उंचीला आल्या, छपराचे वासे चढवायची वेळ झाली की तो हात झटकून म्हणायचा, "निघतो. शेताला माझ्या पाळीचं पाणी यायचंय."

"याचं पाणी रोज येतं बघा! दर्या वळवलाय जणू शेताला!" सोबतचे गडी हसायचे.

छपराखाली त्याचा जीव गुदमरायचा, हे तो कुणाला सांगत नव्हता. स्वतःचं नवं घर उभं राहून वर्ष झालं, तरी अंगणातल्या तंबूत झोपायचा. विचारलं तर म्हणायचा, खेचर राखतो.

त्या शुक्रवारी रात्री जमीन हलली, तेव्हा पहिल्याच धक्क्याला तो उडी मारून बाहेर पळाला होता. बायको, तूदा, आत राहिली. पहाटे लोकांनी तुळईखालून तिला ओढून काढलं. एक पाय कायमचा अधू झाला. "तुला खरचटलंसुद्धा नाही रं?" कुणीतरी बिहीला विचारलं. त्याच्या आधी तूदाच बोलली, रक्तानं माखलेली, "हे शेतात होते. पाण्याची दारं धरायला गेले होते."

ते खोटं त्यानं दोन वर्षं अंगावर घोंगडीसारखं पांघरलं.

भूकंपात तडकलेला, कसाबसा वाहणारा पाट यंदा पुरता दुरुस्त झाला, तशी पाण्याच्या पाळ्या पुन्हा लावायला माणसं हौदावर जमली. म्हातारा पाटकरी दा इदर पाळ्या तोंडानं सांगायचा. कागद कधीच नव्हता. आज्याच्या काळापासून कुणाची पाळी कधी, ते पोरासोरांना पाठ. वाटीभर पाणी जास्त गेलं तर इथं फावडी उचलली जायची.

"शुक्रवार, रात्रीचा पहिला पहर," दा इदर म्हणाला, "बिही."

बिही जागचा उठला. त्याची पाळी सोमवारी सकाळची. शुक्रवारचं पाणी हम्मूचं. त्या रात्री खरोखर शेतात होता तो हम्मूच. म्हणून तो वाचला, अन् घरातली बायको आणि दोन्ही पोरी ढिगाऱ्याखाली गेल्या.

आता कुणीतरी ओरडेल म्हणून बिही थांबला. कुणी ओरडलं नाही. हम्मू काडीनं माती उकरत होता. बाकीचे आपापल्या पायांकडं बघत होते.

म्हणजे तो शेतात नव्हता, हे पहिल्या दिवसापासून सगळ्यांना ठाऊक होतं. शुक्रवारचं पाणी कुणाचं, हे या गावात कुणाला ठाऊक नव्हतं? अन् आता तेच पाणी त्याच्या नावावर घालून ते तूदाचं खोटं खरं करत होते.

"दा, ते पाणी हम्मूचं आहे."

"बस खाली."

"त्या रात्री मी शेतात नव्हतो. मी..."

"बस म्हणलं ना!" म्हाताऱ्याचा आवाज चढला. "पाणी घे अन् गप ऱ्हा. बाप्या माणसानं चारचौघांत असलं तोंडातनं काढू नये."

"घे रं बाबा," हम्मू मान वर न करता म्हणाला. "मला त्या वेळेचं पाणी नकोच."

"चला, चहा निवतोय," कुणीतरी म्हणालं, आणि सगळे सुटल्यासारखे उठले.

बिही घरी आला. दार उघडं होतं. आत तूदा भाकरी भाजत होती. तो उंबऱ्याबाहेरच थांबला.

"सगळ्यांना ठाऊक होतं."

"असणारच. पाणी कुणाचं, हे काय लपतंय होय?"

"मग खोटं बोललीस कशाला?"

"तुमची मान खाली जाऊ नये म्हणून." तिनं भाकरी उलटली. "एक विचारते. त्या रात्री मी हाक मारली होती. दोनदा. ऐकू आली होती का?"

बिहीनं दाराशेजारच्या दगडावर हात टेकला. दगड त्यानंच बसवलेला, पक्का.

"आली होती."

तूदानं तवा खाली उतरवला. मग भाकरी फडक्यात गुंडाळली, काठी घेतली, आणि रोजच्यासारखी पाय ओढत, उंबरा ओलांडून त्याला बाहेर आणून दिली.