लेउझाची अकरा मतं

पेद्रा मांसा नावाच्या गावातल्या सरकारी शाळेत लेउझा सव्वीस वर्षं पोरांना जेवण करून घालत होती. गावातले पस्तिशीच्या आतले जवळजवळ सगळे तिच्या हातचा घेवडा आणि भात खाऊन मोठे झालेले. त्यात दोन डॉक्टर होते, एक नामांकित चोर होता आणि नगरपालिकेचे तीन सभासद होते. बाईचं पूर्ण नाव एदिलेउझा, पण ते फक्त पगाराच्या चिठ्ठीवर. वय त्रेपन्न, गुडघे त्याहून म्हातारे.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात वाल्दोमिरो शाळेच्या स्वयंपाकघरात आला. हा सिमेंट-विटांचा दुकानदार, दोन वेळा निवडून आलेला सभासद आणि आपल्या पक्षाचा गावातला कर्ताधर्ता. मतदानयंत्रावर त्याचं नावच मुळी ‘सिमेंटवाला मिरो’ असं यायचं.

"दोना लेउझा, तुमच्यासाठी सुट्टी आणलीय," तो पातेल्यात डोकावत म्हणाला. तिथं मान देऊन बोलताना बाईला ‘दोना’ म्हणत आणि पुरुषाला ‘सेउ’.

"हात धुऊन या आधी, सेउ मिरो. कसली सुट्टी?"

"निवडणुकीची. कायदा म्हणतो, दहा उमेदवारांत तीन तरी बायका हव्यात. सात पुरुष आहेत. एक माझी मेहुणी, एक नोटरीची बायको. तिसरी मिळेना. तुम्ही नुसती सही करायची. सरकारी नोकर उभा राहिला की तीन महिने भरपगारी रजा, तीही कायद्यानंच."

"आणि उभं राहून करायचं काय?"

"काही नाही. घरी बसायचं."

लेउझानं एकदा चुलीवरच्या मोठ्या हंड्याकडे पाहिलं, एकदा आपल्या गुडघ्यांकडे. मग मैद्याच्या पोत्यावर कागद ठेवून सही केली.

पहिला आठवडा ती झोपली. दुसऱ्या आठवड्यात तिनं घरातले सगळे पडदे धुतले, तिसऱ्या आठवड्यात तेच पुन्हा धुतले. तिचा नवरा अदाउतो मोटारसायकलवरून भाडं मारायचा. हल्ली तो दुपारच्या जेवणालासुद्धा घरी येईनासा झाला. "तू घरी असलीस की घरात तपासणी आल्यासारखं वाटतं," तो म्हणाला.

ऑगस्टच्या मध्याला प्रचार सुरू झाला. सकाळी आठपासून कर्णे लावलेल्या गाड्या गल्लीबोळांतून उमेदवारांची गाणी वाजवत फिरू लागल्या. सिमेंटवाला मिरोचं गाणं, टायरवाला झेकाचं गाणं, रुग्णवाहिकेवाल्या ड्रायव्हरचं गाणं. लेउझा ओट्यावर भांडी घासत ऐकायची. नवव्या दिवशी शेजारच्या निल्झेतनं, तिच्या जिवाभावाच्या मैत्रिणीनं, कुंपणावरून विचारलं, "काय गं कोमाद्रे, तुझं गाणं कधी येणार?"

"माझं कशाला येतंय?"

"मग उभी कशाला राहिलीस?"

या प्रश्नाला भरपगारी रजा हे उत्तर होतं, आणि ते तोंडातून बाहेर काढायची लेउझाला लाज वाटली. ही लाजच पुढच्या सगळ्याला कारण झाली.

दुसऱ्या दिवशी ती मिरोच्या दुकानात गेली. "सेउ मिरो, सभासद नेमकं करतो काय?"

"लोकांना मदत."

"म्हणजे?"

"सिमेंट देतो." त्यानं जरा आठवून पाहिलं. "कधी विटा."

मग त्यानं तिच्या नावाच्या पत्रकांचा एक गठ्ठा काढून दिला. पक्षानं ती छापली होती, कारण कायद्याला तेही लागतं. पत्रकावर मिरोचा चेहरा कलिंगडाएवढा होता आणि खाली कोपऱ्यात लेउझाचा, पोस्टाच्या तिकिटाएवढा. "वाटलीत तरी चालेल, नाही वाटलीत तरी चालेल," मिरो म्हणाला. "तुम्हाला पडलेलं मत पक्षाच्याच बेरजेत येतं. उन्हात फिरू नका."

सभासद काय करतो ते बघायला लेउझा मंगळवारी संध्याकाळी सात वाजता नगरपालिकेच्या बैठकीला गेली. दारात ओतासिल्यो नावाचा म्हातारा कारकून होता. लोकांसाठीच्या बाकावर कुणी बसायला आलंय हे पाहून तो गडबडला.

"कुणी वारलं का?" त्यानं हळू आवाजात विचारलं. लोक यायचे ते फक्त शोकप्रस्तावाला.

बैठक बारा मिनिटं चालली. एका रस्त्याला एका सभासदाच्या वडिलांचं नाव देण्यात आलं आणि अंतिम सामन्यात हरलेल्या फुटबॉल संघाचं अभिनंदन करण्यात आलं. नऊच्या नऊ सभासद अधूनमधून मान वळवून बाकाकडे बघत होते. लेउझानं जाताना कारकुनाला विचारलं, यांनी काय करायचं ते कुठं लिहिलंय का. ओतासिल्योनं कपाटातून एक पुस्तिका काढली, फुंकर मारली आणि दिली. चाळीस पानं होती. लेउझानं ती दोनदा वाचली: पहिल्यांदा कळली नाही म्हणून, आणि दुसऱ्यांदा कळली तेव्हा विश्वास बसेना म्हणून. शाळेच्या जेवणात मांस किती यावं, पाण्याचा टँकर कुठल्या गल्लीत किती वाजता जावा, हे सगळं विचारायचा अधिकार त्या नऊ जणांना होता. सव्वीस वर्षं ती भांड्यात मांस शोधत होती आणि त्याचा जाब विचारणारे पाचशे पावलांवर बसून रस्त्यांची बारशी करत होते.

तिनं कात्री घेतली आणि सगळ्या पत्रकांवरून मिरोचा चेहरा कापून टाकला. उरला तो तिकिटाएवढा तुकडा, नाव आणि नंबर. पायात रबरी चपला घालून ती निघाली.

पाच आठवडे ती दारोदार फिरली. तिचं म्हणणं एकच होतं: टँकरच्या वेळांचा तक्ता चौकात लावायचा, म्हणजे महापौराच्या गल्लीत तो तीनदा का जातो ते सगळ्यांना दिसेल. लोक मन लावून ऐकायचे, कॉफी द्यायचे, मक्याच्या केकचा तुकडा द्यायचे आणि मग विचारायचे, "बरं, तू काय देणार?"

"काही नाही. माझ्याकडे काय असणार?"

"गॅसचं सिलिंडर तरी?"

"तेच तर घरात उसनं आणलंय."

"बरं जाऊ दे," लोक म्हणायचे. "तू आपलं माणूस आहेस, लेउझा. मत तुलाच."

तिला लोकांचा खोटेपणा कळत नव्हता असं नाही. पण भुकेलं पोर आणि पोट भरलेलं पोर सव्वीस वर्षं नुसत्या चेहऱ्यावरून ओळखलेली बाई ती, त्यामुळे आपल्याला चेहरे वाचता येतात असा तिचा समज होता. गुळमुळीत होकार सोडून द्यायचे आणि डोळ्यांत बघून दिलेले तेवढेच धरायचे, या हिशेबानं मतदानाच्या आदल्या दिवशी दोनशे चौदा पक्के होकार झाले. तेवढ्या मतांत पेद्रा मांसा गावात सभासद होता येतं.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी यंत्रातून निकाल निघाला. लेउझाला अकरा मतं होती. सिमेंटवाला मिरो नवव्या म्हणजे शेवटच्या खुर्चीवर कसाबसा बसला. दुकानासमोर फटाके वाजले. लेउझा खाटेच्या कडेवर बसून बोटांवर मोजत राहिली. ती स्वतः एक, बहीण दोन, निल्झेत तीन, नवरा चार. पाचव्या मतापुढे नाव लावायला तिचा जीव धजेना.

सोमवारी ती कामावर हजर झाली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. पोरांना मताचा अधिकार नव्हता.

इथंच हे संपायचं. पण दुसऱ्या पक्षाचा टायरवाला झेका तेरा मतांनी पडला होता आणि त्याचा भाचा वकील होता. भाच्यानं निवडणूक न्यायाधीशांकडे तक्रार लावली: लेउझा ही नुसती नावाची उमेदवार, संख्या भरायला घेतलेली, पुरावा म्हणून तिची अकरा मतं. तक्रार खरी ठरली असती तर मिरोच्या पक्षाची सगळीच्या सगळी मतं बाद, मिरोची खुर्ची गेली आणि झेका आत.

मिरो आता स्वयंपाकघरात हात धुऊन आला.

"दोना लेउझा, तुम्ही प्रचार केला होतात ना?" त्याचा आवाज पार बारीक झाला होता.

"केला होता."

"खराखुरा?"

"तुम्ही नको म्हणालात तरी केला."

"हे ‘नको म्हणालात’ तेवढं तिथं नाही सांगितलंत तरी चालेल."

"विचारलं तर सांगेन," लेउझा म्हणाली आणि कांदे चिरू लागली.

फेब्रुवारीत सुनावणी झाली. न्यायाधीश बाई बाहेरगावच्या, तरुण होत्या. खोलीत जागा नव्हती म्हणून निम्मं गाव खिडकीशी उभं होतं. झेकाच्या भाच्यानं विचारलं, "वाल्दोमिरो यांनी तुम्हाला फक्त यादी भरण्यासाठी घेतलं, हे खरं का?"

"खरं आहे."

मिरोनं डोळे मिटले.

"सही करून घरी बसा असंच सांगितलं?"

"असंच."

"मग?" आता न्यायाधीश बाईंनी विचारलं.

"मग मी नाही बसले."

न्यायाधीशांनी पुरावा मागितला. लेउझानं पिशवीतून मिरोच्या कापलेल्या चेहऱ्यांचा गठ्ठा काढून टेबलावर ठेवला. कागद चांगला जाड होता म्हणून तिनं फेकला नव्हता. मग ती घरं सांगू लागली. नदीकडच्या गल्लीपासून, दाराला दार. हिरव्या फाटकाच्या घरात म्हातारीला चष्मा हवा होता आणि कुत्र्यानं चपलेचा पट्टा खाल्ला. न्हाव्यानं दोनदा कॉफी पाजली आणि देवाची शपथ घेतली. पाववाल्याच्या बायकोनं पाच मतं कबूल केली, घरात माणसं चार असताना. कुणी काय मागितलं, कुणी काय शब्द दिला, सगळं तिच्या पाठ होतं. खिडकीतली डोकी एकेक करून खाली जाऊ लागली. समोर बसून टंकलेखन करणाऱ्या पोरानं मध्येच हात थांबवले.

"लिहा ना," न्यायाधीश बाई म्हणाल्या.

"पुढचं घर आमचं आहे," तो म्हणाला.

चाळिसाव्या घरापाशी न्यायाधीशांनी तिला थांबवलं. निकाल साधा होता: हेतू कुणाचा काहीही असो, या बाईंनी निवडणूक खरोखर लढवली आहे. तक्रार फेटाळली. लेउझा खरी उमेदवार ठरली म्हणून मिरोची खोटी यादी खरी ठरली. त्यानं बाहेर येऊन तिचे दोन्ही हात धरले. तिनं ते सोडवून घेतले, कारण पोरांच्या जेवणाची वेळ झाली होती.

त्या आठवड्यात तिच्या दारात रांग लागली. न्हावी आला, पाववाल्याची बायको आली, टंकलेखकाची आई आली. प्रत्येकाचं म्हणणं, "त्या अकरांत एक मी होतो बरं का." शनिवारपर्यंत त्या अकरा जणांत त्रेसष्ट माणसं झाली. लेउझा प्रत्येकाला कॉफी देत होती आणि मान डोलवत होती.

रविवारी संध्याकाळी अदाउतो उकडलेल्या मक्याच्या रव्याची ताटली समोर घेऊन बसला.

"मी नाही दिलं," तो म्हणाला.

"काय नाही दिलंस?"

"मत. रुग्णवाहिकेवाल्याला शब्द दिला होता. आईला दवाखान्यात नेलं होतं त्यानं, पाऊण तासात. तू उभी राहायच्या आधीच शब्द गेला होता."

लेउझाला राग आला, आणि तो बरेच दिवस टिकला. पण रागातच तिच्या मनात आलं की त्रेसष्ट जणांनंतर आपल्याशी खरं बोलणारा हा पहिलाच माणूस. तिनं त्याच्या ताटलीत लोणी वाढलं, नेहमीपेक्षा कमी.

"सांगायचं तरी," ती म्हणाली.

"तू इतकी खुशीत होतीस," तो म्हणाला.

मार्चपासून ती दर मंगळवारी बैठकीला जाऊन बसू लागली. बोलायचा अधिकार नव्हता, बघायचा होता. तो त्या चाळीस पानांत होता. ती नुसती बसायची आणि जे बोलतील त्यांच्याकडे बघायची. तिनं नुसतं बोट उगारून किती पोरांना घेवडा संपवायला लावला होता, आणि त्यांतले तीन खाली खुर्च्यांवर होते. बैठका अर्ध्या तासावर गेल्या, मग पाऊण तासावर. मे महिन्यात टँकरच्या वेळांचा तक्ता चौकात लागला. तो आपल्या प्रयत्नांनी लागला असं मिरोच्या गाडीचा कर्णा आठवडाभर सांगत होता.

जूनमध्ये सभासदांनी एकमतानं ठराव केला की दोना एदिलेउझा यांना गावाची सन्माननीय नागरिक म्हणून मानपत्र द्यावं. समारंभ झाला, फोटो झाला. भाषणात मिरो म्हणाला की बाईंनी गावासाठी खूप केलं, आता त्यांनी हक्कानं विश्रांती घ्यावी, आणि बाकीच्या आठ जणांनी मनापासून टाळ्या वाजवल्या. लेउझानं मानपत्र काखेत धरलं आणि ओतासिल्योला विचारलं, शाळेच्या मांसाचा विषय कधी येतोय.

"पुढच्या मंगळवारी," तो म्हणाला.

पुढच्या मंगळवारी पावणेसातला ती बाकावर होती. शेजारी निल्झेत होती आणि तिच्या पलीकडे हिरव्या फाटकातली म्हातारी. तिला अजून चष्मा मिळालेला नव्हता, म्हणून ती पुढं वाकून बघत होती.