सिस्टरांच्या टेबलावरची तांबी

आमच्या घरात लहान तांब्याला तांबी म्हणतात. त्यामुळे बायकोनं फोनवर "चारला दवाखान्यात या, तांबी काढायचीय," म्हटल्यावर मी माळ्यावरची तांबी काढली, चिंचेनं लखलखीत घासली आणि पिशवीत घालून हजर झालो. दुसऱ्या मुलाचं आमचं ठरलं होतं. पण मुलगी झाल्यावर पाळणा लांबवायला हिनं बसवून घेतलेली तांबी सात वर्षं हिच्या पोटात होती, हे मी साफ विसरलो होतो. वर मी मराठीचा शिक्षक.

सिस्टर हसून हसून खुर्चीत बसल्या. "अय्यो सर, ही न्हाय वो, ती!" मग तांबी टेबलावर ठेवून म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या हितंच. पाणी प्यायला हुईल."

सिस्टर अक्कलकोटकडच्या, घरी कन्नड बोलणाऱ्या, हिला अक्का म्हणणाऱ्या. त्यांच्याकडे प्रश्नाला उत्तर म्हणून प्रश्नच मिळायचा. "आता किती दिवसांत?" असं मी विचारलं, तर म्हणाल्या, "पाव्हण्यानं तारीख कळवलीया का?" मग जरा समजावून, "ह्या महिन्यातबी राहतं, वरीसबी लागतं. मुलीला विचारलं का, तिला काय पायजे?" विचारलं नव्हतं. घरी विचारलं, तर मुलगी म्हणाली, "मांजर."

सहा महिने गेले, दहा गेले. आई म्हणायची, "सात वर्षं तांबं अंगात ठेवलं, मूल राहील कसं?" ही खाली मान घालून भाकरी थापायची. मी पेपर वाचायचो. बहुधा एकच पान.

शेवटी सिस्टरांनाच गाठलं. "सिस्टर, त्या तांबीचा काही परिणाम..."

"काढल्यावर ती काय करणार? अक्कांच्या समद्या तपासण्या चांगल्या आल्या. तुमची झाली का?"

"मला काय झालंय?"

"तेच विचारतीया की मी."

माझी तपासणी झाली. शुक्राणू फारच कमी निघाले. सिस्टरांनी उठून पेला घेतला. टेबलावरच्या तांबीतलं पाणी मला दिलं. "ही परीक्षा न्हाय सर. नापास कुणीच न्हाय," म्हणाल्या. पेला खाली ठेवतोय तोच पुढचा प्रश्न आला, "आईला कोण सांगणार? अक्का?"

औषधं घेतली. दुसरं मूल झालं नाही, हे सांगून टाकतो. पण आईला काही मी सांगितलं नाही. ती तांबीला बोल लावत राहिली, ही ऐकत राहिली. मुलांना निबंध लिहायला लावणाऱ्या माणसाला एक वाक्य जुळेना.

सिस्टर निवृत्त झाल्या, त्या दिवशी आम्ही दोघं भेटायला गेलो. त्यांनी तांबी परत दिली, काठोकाठ ज्वारी भरून. "भांडं रिकामं देऊ नये वो." आणि माझ्याकडे बघून हळूच, "सांगितलं का?" मी ज्वारी निरखायला लागलो. सिस्टर गावी गेल्या. पुन्हा भेट नाही.

घरी आल्यावर आईनं तांबी पाहिली आणि सवयीनं सुरुवात केली, "तांबीचं नावसुद्धा नको. त्या तांबीनंच आमच्या घराचा..."

"आई, तांबीचं काही नाही. हिचंही नाही. दोष माझ्यात निघालाय. वर्ष झालं मला कळून."

आई माझ्याकडे बघत राहिली. मग सुनेकडे बघितलं. तिनं सूप ओढलं, तांबी त्यात उपडी केली आणि ज्वारी निवडायला बसली. थोड्या वेळानं म्हणाली, "सूनबाई, चहा टाक. नको, बस तू. मीच टाकते."

आई आत गेल्यावर बायकोनं रिकामी तांबी उचलून पदरानं पुसली.

"आज निघाली हो तांबी," ती म्हणाली.