आईच्या जागी वाकलेले बाबा

आमच्या बाबांची रोवणी वाकडी होती, हे गावातल्या म्हाताऱ्या अजून हसत सांगतात. पूर्वी मला राग यायचा. आता त्या विसरल्या तर मीच आठवण करून देते.

आमचं गाव दिघोरीजवळचं, सगळं धानाचं. सत्तरचं दशक सरत आलं होतं आणि मी लाखांदूरला एसटीने दहावीला जात होते. चिखलणी पुरुषांची आणि रोवणीला, चिखलात भाताची रोपं ओळीने लावायला, वाकायचं ते बायांनी, असा रिवाज. त्यात आठ-दहा घरच्या बायांचा मेळ असायचा. आज सगळ्या जिच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, वाकल्या, तिने उद्या दुसरीच्या बांधीत वाकायचं. ज्या घरची बाई आली नाही, त्या घरची रोवणी कोण करणार?

त्या वर्षी ऐन हंगामात आई बांधीच्या निसरड्या धुऱ्यावरून घसरली आणि तिचा उजवा हात मोडला. घरात दुसरी बाई म्हणजे मीच. मेळातली थोरली बाई अंगणात येऊन बाबांना म्हणाली, "पोरीले धाडा भाऊ, नाही त तुमची बांधी तशीच राहून जाईन."

मला रडू फुटलं. रोवणीसाठी एकदा शाळेतून काढलेली पोर पुन्हा शाळेत गेल्याचं मी आमच्या गावात पाहिलं नव्हतं.

बाबा म्हणाले, "तिची शाळा आहे. तिच्या मायच्या जागी मी येतो."

दुसऱ्या दिवशी बाबा खरंच धोतर खोचून बायांच्या ओळीत उभे राहिले. "भाऊजी, लुगडं आणू का नेसाले?" कुणीतरी विचारलं. "आणा, पण लांबरुंद आणा, हाडापेरानं मोठा आहो मी," बाबा म्हणाले. सारी बांधी हसली. बसला निघालेली मी रस्त्यावरून ऐकत होते, मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. आधीच माझा राग नाकाच्या शेंड्यावर.

सकाळची माझी बस त्या बांधीजवळूनच गेली. बाबांनी चिखलाचा हात वर केला. बसमध्ये वर्गातल्या पोरी होत्या. मी तोंड फिरवलं आणि पलीकडच्या खिडकीतून बाहेर पाहत बसले. पुढचे दिवस मेळ रस्त्याकडेच्या ज्या बांधीत असेल तिथे बाबा पाठमोरेच दिसायचे. बरं झालं, सुटले, असंच मला वाटायचं.

सगळ्यांच्या बांध्या झाल्या, आमचीही झाली. मी दहावी पास झाले. आईचा हात पुढे कधी धड झालाच नाही, म्हणून बाबा दरवर्षी तिच्या जागी वाकत राहिले.

पुढे पवनीला मास्तरीण झाले, तेव्हा पहिल्याच रोवणीला रजा काढून बाबांच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

"सुट्टी कायले काढली?" ते रागावले.

मग मी मनात इतकी वर्षं सलणारं बोलून टाकलं. "बाबा, त्या दिवशी बसमधून मी मुद्दाम तोंड फिरवलं होतं."

त्यांचे हात थांबले नाहीत. "मले मालूम होतं, माय. म्हणून त दुसऱ्या दिवसापासून बस आली का मीच पाठ करत होतो. तुले तोंड फिरवा लागू नये म्हणून."

त्या दिवशी माझी ओळ त्यांच्याहूनही वाकडी गेली.